उलट चालणाऱ्या कुमुदताई

आमच्या सोसायटीत एक बाई रोज सकाळी उलट चालतात. उलट म्हणजे पाठ पुढे आणि तोंड मागे. अंगावर सुती साडी, पाय अनवाणी, हातात चहाचा स्टीलचा पेला, आणि गेटापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आपलं मागे मागे जात राहायचं. चहा सांडत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणाचा तरी निरोप घेत निघाल्या आहेत आणि निरोप काही संपत नाही.

त्या कुमुदताई. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. ईरा आणि नील, तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता की आजी तू दिवसभर काय करतेस, आणि मी म्हणते, काही नाही, नेहमीचंच. ते पूर्ण खरं नाही. आठवड्यातून दोन दुपारी मी कुमुदताईंबरोबर विरारला जाते, आणि तिथे काय चालतं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. मधेच तुमचा आवाज तुटतो, किंवा तुमची आई जेवायला हाक मारते. म्हणून लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या.

तर उलट चालणं. दूधवाल्याच्या सायकलवर कुमुदताई दोनदा आदळल्या. दोन्ही वेळा त्यांनीच त्याला झापलं, की तुझं लक्ष कुठे होतं. त्याचं लक्ष त्यांच्याकडेच होतं, म्हणून तर सायकल वळवायची राहिली. शेवटी सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरींनी विषय काढला. ज्येष्ठ नागरिकांनी आवारात सरळ चालावं, असा काहीसा ठराव त्यांनी टाइप करून आणला होता. कुमुदताईंनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं ते कोनत्या नियमात लिहिलंय?" सेक्रेटरी पानं चाळत बसले. तेवढ्यात कुमुदताई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजवीकडे वळवा बघू मान. नाही ना वळत? तुम्ही या माझ्यासोबत उद्यापासून." ठराव बारगळला. सेक्रेटरी मात्र गेले नाहीत.

कुमुदताईंना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, सांधे लक्षात राहतात. सेक्रेटरी म्हणजे "ती आखडलेली मान". आमच्या वसईत होळी नावाचा भाग आहे, तिथल्या बाजारात भाजी विकणारी एक बाई आहे, ती "मोकळी कंबर", आणि कुमुदताई तिच्याकडूनच भाजी घेतात, मग वांगी किडकी का असेनात. मी नवीन राहायला आले तेव्हा पहिले काही महिने मी "उजवा गुडघा" होते. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय उजवा गुडघा, आज खाली उतरलात?" पुढे मैत्री झाल्यावर मला नाव मिळालं.

दुसरं म्हणजे कुठल्याही संकटावर त्यांचा उपाय एकच: "आधी पाय टेकवा." माझा रक्तदाब वाढला, आधी पाय टेकवा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आतला माणूस ओरडायला लागला, तर बाहेरून यांचा आवाज, "आधी पाय टेकवा." तो बिचारा आतून म्हणाला की टेकलेलेच आहेत. "मग आता ओरडा," कुमुदताई म्हणाल्या.

त्या वसईच्याच. माहेर होळीजवळच्या वाडीतलं. केळी, फुलं, पालेभाजी. आयुष्यभर एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. मुलांसमोर "पाणी" म्हणायची सवय त्यांनी कष्टाने लावून घेतली होती. निवृत्त झाल्या त्या दिवशी ती सोडून दिली आणि पुन्हा वाडीतलं "पानी" प्यायला लागल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, यांनी मुंबईला जाऊन नृत्य आणि हालचालींमधून उपचार करण्याचा अभ्यासक्रम केला. वर्गात सगळ्या पंचविशीच्या मुली आणि मधे या. अभ्यासक्रम संपल्यावर त्यांनी कामाची जागा शोधली ती विरारच्या फुलपाड्यात.

फुलपाड्यात एका संस्थेचं घर आहे. तुरुंगातून सुटलेल्या, पण घरच्यांनी अजून परत न घेतलेल्या बायका तिथे राहतात. शिवणकाम शिकतात, मसाले कुटतात, कोर्टाच्या तारखांना जातात. त्यांच्यावर देखरेख करायला एक गृहमाता आहेत, शिंदेबाई. मनाने चांगल्या, पण सगळं जागच्या जागी हवं. त्या बाबतीत आमचं दोघींचं जमतं. संस्थेला वाटलं होतं, नाच शिकवणाऱ्या बाई आल्या, आता वार्षिक कार्यक्रमाला नऊवारी नेसून दोन गाणी बसतील. कुमुदताई म्हणाल्या, कार्यक्रम होणार नाही, उपचार होईल. शिंदेबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, नाचून कोणी सुधारलेलं तुम्ही पाहिलंय का?" मी म्हटलं, मी फक्त गाणी लावायला आले आहे. कुमुदताईंना मोबाइलवर गाणं लावता येत नाही. त्यांचं बोट पडद्यावर पडलं की कोणाला तरी फोन लागतो.

पहिल्या दिवसाचं सांगते. हॉलमध्ये बायका गोळा झाल्या. काही तरुण, काही माझ्यापेक्षा थोड्याच लहान. कुमुदताईंची पद्धत अशी, की दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. एकीने काही हालचाल करायची, अगदी हळू, आणि दुसरीने आरशासारखं तेच करायचं. बोलायचं नाही. म्हणून त्यांनी दोनदा टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "चला, दोघी-दोघी व्हा."

सगळ्या बायका एका क्षणात खाली बसल्या. उकिडव्या, दोघी-दोघी शेजारी, एकामागे एक सरळ रांग, माना खाली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मला वाटलं, प्रार्थना असेल. शिंदेबाईंनी हळूच सांगितलं की तुरुंगात दिवसातून कितीतरी वेळा अशी मोजणी होते. टाळी ऐकली, "दोघी" ऐकलं, की अंग आपोआप बसतं. काहींना सुटून वर्ष होऊन गेलं होतं.

त्यांच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, अहो उठा, इथे कोणी मोजत नाही.  कुमुदताई साडी आवरून रांगेच्या शेवटी गेल्या आणि स्वतः उकिडव्या बसल्या. वाडीत भाजीच्या वाफ्यात निंदणी करून वाढलेल्या. त्या तशा तासभर बसू शकतात. बसल्या बसल्या त्या हळूहळू डावीकडे-उजवीकडे डोलायला लागल्या, आणि हाताने नसलेलं गवत उपटायला लागल्या. शेजारच्या एकीने पाहिलं. तिनेही उपटलं. मागच्या एकीने विचारलं, "काय लावलंय?" कुमुदताई म्हणाल्या, "मेथी." मग कोणी मेथी, कोणी मिरची, असं करत हॉलभर शेती झाली. कित्येक दिवस वर्ग असाच, बसून. एका दुपारी एकीच्या पायाला मुंग्या आल्या, ती न विचारता उठली आणि घाबरून जागीच थांबली. कुमुदताईही उठल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं उठलीस, माझेपन पाय गेले होते." मग सगळ्याच उठल्या.

कुमुदताईंचा तिथे एक नियम आहे. काय केलंस, हे कोणाला विचारायचं नाही. काय दुखतं, ते विचारायचं. नावांच्या बाबतीत मात्र त्यांची तिथेही तीच तऱ्हा: जड पावलं, कोरडा श्वास, डावा खांदा. एकाच बाईला त्यांनी पहिल्यापासून नावाने हाक मारली. सुमन.

सुमन तिशी ओलांडलेली, उंच, कामसू. तिने काय केलं होतं ते मला पुढे कळलं. ते गंभीर होतं, ते तिने केलं होतं, आणि त्याची शिक्षा तिने पूर्ण भोगली होती. तुम्हाला एवढं पुरे. ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची, नजर जमिनीवर, साहेबांपुढे उभं राहावं तशी. वर्गात सगळ्यांचे हात वर गेले की हिचे पाठीमागेच. पोळ्या लाटायला, शिवायला हात पुढे यायचे. काम संपलं की परत आपल्या जागी.

सुमनला एक मुलगी आहे, ऋतू. आई आत गेली तेव्हा ती रांगत होती. मावशीने जवळच तुळिंजला आपल्या घरी वाढवली. आता नऊ वर्षांची आहे. ती मावशीबरोबर आईला भेटायला प्रथमच आली, तेव्हा सुमन तिच्यासमोर तशीच उभी राहिली. हात मागे, मान खाली, सगळा वेळ. तिला पोरीकडे बघायचं होतं, पण मान वर येईना. पोरगी घरी जाऊन म्हणाली की ती माझ्यावर रागावलीय, आणि धड जेवली नाही. मावशीने, लताने, आम्हाला स्पष्ट सांगितलं. "मॅडम, अजून एकदा आणते. ताईसाठी. पण पोरगी परत तशीच रडत गेली ना, तर मग ती मोठी झाल्यावर बघू. मला पण दोन पोरं आहेत, किती जणांना समजावू?" तिचं काही चुकत नव्हतं. तिनेच वाढवलं होतं.

पुढची भेट महिन्यानंतरच्या एका रविवारी ठरली. त्या महिन्यात कुमुदताईंनी जे उद्योग केले, त्यामुळे शिंदेबाईंशी त्यांचं जवळजवळ बोलणं तुटलं. पहिलं म्हणजे अंगणातल्या कपड्यांच्या दोऱ्या त्यांनी हातभर वर बांधून घेतल्या. मग सुमनला धुण्याचं काम मागून दिलं. चादर वाळत घालायची तर दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावेच लागतात. पण सुमन हुशार. तिने स्टूल आणलं. दुसऱ्या दिवशी स्टूल नाहीसं झालं. शिंदेबाईंनी सगळं घर शोधलं. ते सापडलं नाही, कारण रिक्षातून ते आमच्या मजल्यावर आलं होतं. आजही माझ्या बाल्कनीत आहे, त्यावर मी मनीप्लँट ठेवला आहे. शिंदेबाई मला विचारायच्या, "मॅडम, तुम्ही तरी पाहिलंत का हो?" मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवली, पण त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर कुठल्याच भाषेत सुचेना. मी गाणं लावायची.

चादरी वर गेल्या. हातही गेले. पण चादर नसली की नाही. कुमुदताईंनी तिला रिकाम्या दोरीखाली उभं करून पाहिलं, खोटी चादर धरायला लावून पाहिलं. सुमन म्हणाली, "बाई, कामाला हात उठतो. उगाच नाही उठत." आणि रविवार येऊन ठेपला.

त्या दिवशी रिक्षात कुमुदताई एक शब्द बोलल्या नाहीत. रिक्षावाला वाकून बसला होता, त्यालाही काही सांगितलं नाही. मी म्हटलं, आधी पाय टेकवा. त्या हसल्या नाहीत.

हॉलमध्ये लता भिंतीपाशी खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर, निघायच्या तयारीने. शिंदेबाई नियमाप्रमाणे दाराशी. मी माझ्या कोपऱ्यात. कुमुदताई खिडकीशी उभ्या, बाहेर तोंड करून. सुमन आत आली, पोरीसमोर चार पावलांवर थांबली, आणि हात मागे गेले. मान खाली.

ऋतूनेही हात मागे बांधले. कदाचित शाळेची सवय असेल, कदाचित राग. दोघी तशाच. लता मला खुणेने म्हणाली, बघा.

आता सुमनची मान खाली, म्हणून तिला दिसत होते ते पोरीचे पाय. पोरगी अस्वस्थ होऊन एका चपलेची टाच आपटत होती. थोड्या वेळाने मी पाहिलं, सुमनचीही टाच हलत होती. तशीच, त्याच तालात. ऋतू थांबली. सुमनची टाच थांबली. ऋतूने दुसरा पाय आपटला. सुमनने आपटला. पोरगी विचारात पडली. तिने मान डावीकडे कलती केली. सुमनची मान जराशी हलली, आणि हलायची तर पोरीकडे बघावंच लागणार होतं. ती वर आली आणि कलली. मग नाक खाजवणं झालं, जीभ काढणं झालं, एका पायावर उभं राहणं झालं. लताने पर्स खाली ठेवली. ऋतूला आता हरवायचंच होतं. तिने एकदम दोन्ही हात सरळ वर केले, अगदी कानाला लावून.

सुमनचे हात पाठीमागून निघाले. मधे कमरेपाशी थांबले. आणि वर गेले.

दोघी हात वर करून उभ्या. कोणी खाली घेईना.

"दुखतात?" ऋतूने विचारलं.

"दुखतात."

"मग खाली घे."

"तू आधी."

"मी नाही. तू मोठी आहेस."

सुमनला हसू आलं आणि हात आपोआप खाली आले, आणि पोरगी ओरडली की हरली, मावशी, ही हरली. मिठी वगैरे काही झालं नाही. सिनेमात होते तशी होईल म्हणून मी वाट पाहत होते. पोरीने फक्त आईचं मनगट धरलं, पुन्हा वर करायला लावायला. लता भिंतीकडे बघत शिंदेबाईंना म्हणाली की चहा मिळेल का, आम्हाला काही घाई नाहीये. शिंदेबाई स्वतः चहा करायला गेल्या. पुढच्या रविवारी आणते, हे लता त्यांना स्वयंपाकघरातच बोलली.

सगळे तिकडे गेले. मी मोबाइल, चार्जर, माझी पिशवी जागच्या जागी ठेवली आणि पाहिलं तर कुमुदताई अजून खिडकीशीच. मला वाटलं, आनंदाने डोळे पुसत असतील. डोळे कोरडे होते. मी म्हटलं, "कुमुदताई, जमलं की तुमचं." त्या म्हणाल्या, "माझं काय, त्यांचं जमलं." आणि मग, बाहेर बघतच, म्हणाल्या, "इतकी वर्षं मी जोड्या लावते. लावते आनी मधून फिरते. कोन वाकडं उभं आहे, कोनाचा श्वास अडलाय. माझ्यासमोर कोन उभं राहत नाही."

मी त्यांच्याजवळ गेले.

"घरी आरशासमोर करून पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "पन आरसा स्वतःहून आधी काहीच करत नाही हो."

समोरासमोरच्या दारांत आम्ही बारा वर्षं राहतो. वाटीभर भाजी, वर्तमानपत्र, चाव्या, सगळं इकडून तिकडे जातं. त्यांचा हात मी कधी हातात घेतला असेल, असं मला आठवेना. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी फक्त गाणी लावणारी. म्हणून आधी नुसता पदर सारखा केला. त्यांनीही केला. मी चष्मा वर सरकवला. त्या चष्मा लावत नाहीत, तरी त्यांनी बोट नाकावर नेलं.

मग मला वाटलं, हात वर करावा. पण माझा खांदा धरलेला आहे. हात कानापाशी जाऊन अडला. कुमुदताईंचा हात अजूनही शाळेतल्या मुलीसारखा सरळ आभाळाकडे जातो, मी रोज बघते. त्यांनी तो वर आणला, माझ्याकडे पाहिलं, आणि कानापाशी थांबवला.

स्वयंपाकघरातून शिंदेबाईंनी हाक मारली की चहा निवतोय. आम्ही दोघींनी ऐकलं. हात मात्र कोणीच आधी खाली घेतला नाही.